उरलेल्यांच्या यादीतील दंतवैद्य

४ मे २०२५ रोजी, रविवारी दुपारी २ ते ५ या वेळात, देशभरातील २२ लाखांहून अधिक मुलामुलींनी एकच प्रश्नपत्रिका सोडविली. १८० मिनिटे, १८० प्रश्न, ७२० गुण; बरोबर उत्तरास ४ गुण आणि चुकीच्या उत्तरास १ गुण वजा. ४५ प्रश्न भौतिकशास्त्राचे, ४५ रसायनशास्त्राचे, उरलेले ९० जीवशास्त्राचे. 'नीट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या परीक्षेविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. २०२४ साली प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले तेव्हा तर काही आठवडे दुसरा विषयच नव्हता. तथापि ही सारी चर्चा एम.बी.बी.एस.च्या प्रवेशाभोवती फिरते. याच प्रश्नपत्रिकेतून आणखी एका व्यवसायाची भरती होत असते व तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा व्यवसाय दंतवैद्याचा.

वस्तुतः दंतवैद्यकासाठी आपल्या देशात प्रवेशपरीक्षाच नाही, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरू नये. जी आहे ती दुसऱ्या एका अभ्यासक्रमाची परीक्षा होय. तिच्या गुणवत्ता यादीत वरची मंडळी एम.बी.बी.एस.ला निघून गेली की खाली जे उरतात, त्यांतून उद्याचे दंतवैद्य घेतले जातात. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विपरीत आहे असे वाटेनासे झाले आहे.

एकाच परीक्षेची ही पद्धत आली ती काही अविचाराने आली नाही. महाराष्ट्रात १९९९ पर्यंत वैद्यकीय व दंतवैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असत. प्रात्यक्षिकांचे गुण कोणत्या महाविद्यालयात किती सढळ हाताने पडतात हे त्या काळच्या प्रत्येक पालकास ठाऊक होते. त्या वर्षापासून राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. खाजगी महाविद्यालयांचा प्रकार तर याहून निराळा. देणगीच्या नावाखाली चालणाऱ्या व्यवहाराला आळा घालण्यासाठी १९८७ साली राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्या व्यवहाराची व्याप्ती ध्यानी यावी. पुढे खाजगी संस्थांच्या व अभिमत विद्यापीठांच्या निरनिराळ्या परीक्षा निघाल्या. एखाद्या शिक्षकाच्या मुलाने किती ठिकाणचे अर्ज भरावेत, किती ठिकाणी परीक्षेला जावे आणि तेथील निकालावर किती विश्वास ठेवावा, याला धरबंध राहिला नाही. २०१३ मध्ये नीट प्रथम घेण्यात आली, त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली, एप्रिल २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने तो निर्णय मागे घेतला आणि त्यानंतर ती देशभर लागू झाली. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यातही २०१६ साली त्यानुसार दुरुस्ती करण्यात आली. एक परीक्षा, एक यादी, या व्यवस्थेने सामान्य घरातील मुलांचे हितच झाले. तेव्हा जुन्या पद्धतीकडे परत चला असे सुचविण्याचा येथे हेतू नाही.

परंतु दोन व्यवसायांना एकाच मापाने मोजताना मोजले काय जाते, हे पाहणे अगत्याचे आहे. नीटच्या पूर्वी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ अखिल भारतीय कोट्यातील जागांसाठी जी परीक्षा घेई, तिच्या नावात 'वैद्यकपूर्व' या शब्दाला जोडून 'दंतवैद्यकपूर्व' हा शब्द निदान असे. आता नावातूनही तो गेला. अभ्यासक्रमाचे म्हणाल, तर अकरावीच्या जीवशास्त्राच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात 'पचन व शोषण' नावाचे एक प्रकरण होते. दात जबड्याच्या हाडातील खोबणीत कसे बसविलेले असतात, दुधाचे दात व कायमचे दात, माणसाचे दंतसूत्र, दातावरील कठीण आवरण, एवढी माहिती त्यात असे. २०२२ मध्ये पाठ्यपुस्तकांचा भार हलका करताना हे प्रकरण वगळण्यात आले आणि २०२४ च्या परीक्षेसाठी जाहीर झालेल्या नीटच्या अभ्यासक्रमातूनही ते काढून टाकण्यात आले. दंतवैद्य होऊ पाहणाऱ्याने वनस्पतींचे वर्गीकरण व अर्धवाहकांचे गुणधर्म जाणावेत, दाताविषयी मात्र काही वाचले नसले तरी चालेल, अशी ही स्थिती आहे. हे कोणी मुद्दाम केले असेल असे नाही. ज्या परीक्षेत दंतवैद्यक कोणाच्या डोळ्यांसमोरच नाही, तेथे असे होणारच.

आता प्रवेशाची प्रत्यक्ष रीत पाहू. निकालानंतर आपल्या राज्यात एम.बी.बी.एस. व बी.डी.एस. या दोन्ही अभ्यासक्रमांची पसंती एकाच गटात, एकाच अर्जावर भरावयाची असते. बहुसंख्य विद्यार्थी आधी सारी वैद्यकीय महाविद्यालये लिहितात आणि मग, राहिलेल्या ओळींत, दंत महाविद्यालये. देशात एम.बी.बी.एस.च्या जागा आज एक लाखाच्या वर गेल्या आहेत, बी.डी.एस.च्या सुमारे २७ हजार आहेत. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि मुंबई महापालिकेचे नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय येथील जागा भरतात, कारण तेथील शुल्क झेपण्यासारखे असते. अगदी थोड्या गुणांनी शासकीय एम.बी.बी.एस. हुकलेली हुशार मुले येथे येतात. खाजगी महाविद्यालयांत मात्र वर्षाचे शुल्क काही लाखांच्या घरात जाते आणि तेथे जागा रिकाम्या राहतात.

किती रिकाम्या, हे एका निकालपत्रावरून कळते. २०२०-२१ या वर्षी पहिल्या वर्षाच्या सुमारे ७ हजार जागा देशभर रिकाम्या राहिल्या होत्या. दंत परिषदेने पात्रतेची मर्यादा खाली आणण्याची शिफारस केली. केंद्र सरकारने देशात दंतवैद्य पुरेसे आहेत, या कारणास्तव ती फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने सरकारचा निर्णय रद्द करून पात्रतेची मर्यादा १० पर्सेंटाइलने खाली आणण्याचा आदेश दिला. खाजगी महाविद्यालयांनी शुल्क कमी करण्याचा विचार करावा, असेही न्यायालयाने त्याच निकालात म्हटले आहे. त्या वाक्याकडे जेवढे लक्ष जावयास हवे होते तेवढे गेले नाही.

येथे पर्सेंटाइल या शब्दाचा खुलासा करणे इष्ट होईल, कारण त्यावरून शिक्षकांचाही घोटाळा होताना दिसतो. ५० पर्सेंटाइल म्हणजे ५० टक्के गुण नव्हेत. परीक्षेस बसलेल्यांपैकी निम्म्या मुलांच्या वर असणे, एवढाच त्याचा अर्थ. २०२५ साली खुल्या गटासाठी ही रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर आली, म्हणजे २० टक्क्यांवर. २०२२ साली ती ११७ गुणांवर होती. या रेषेच्या जरा वर असलेला मुलगा पात्र ठरतो. त्याला शासकीय जागा अर्थातच मिळत नाही. शुल्क भरण्याची ऐपत असेल तर खाजगी दंत महाविद्यालयात मात्र मिळू शकते. त्याच्याहून कितीतरी अधिक गुण असलेली कारकुनाची मुलगी शासकीय जागेच्या शेवटच्या क्रमांकापाशी अडखळते आणि घरी बसते. गुणवत्ता यादी एकच असली तरी ती खाली येता येता गुणांऐवजी पैशाची यादी होते.

आरशात पाहून केलेले काम

दंतवैद्याचे काम म्हणजे काय, याची आपल्यापैकी अनेकांना खुर्चीत तोंड उघडे ठेवून बसल्यापुरतीच कल्पना असते. वरच्या जबड्यातील मागची दाढ दंतवैद्याला सरळ दिसतच नाही. डाव्या हातात लहानसा आरसा धरून त्यातील प्रतिबिंबाकडे पाहत उजव्या हातातील यंत्र चालवावे लागते. आरशात पुढचे मागे दिसते, आणि हाताने मात्र उलट दिशेला जावयाचे असते. कीड तेवढी कोरून काढावयाची, चांगला भाग राखावयाचा, आणि आतल्या जिवंत भागाला धक्का लावावयाचा नाही; या सगळ्याला जागा असते ती मिलिमीटरच्या अपूर्णांकात मोजावी एवढी. त्यात रुग्णाची जीभ हलते, लाळ येते, मूल असेल तर ते रडते. कवळी बसविताना तर वरचे व खालचे दात कोणत्या कोनात मिटतात हे डोळ्यांनी व बोटांनी जोखावे लागते. चिकित्सकाचे ज्ञान, घड्याळजीचा हात आणि वेदनेने त्रासलेल्या माणसाला धीर देण्याची वृत्ती, तिन्ही एकाच माणसात असावी लागतात.

दंत महाविद्यालयात हे शिकविले जाते, यात संशय नाही. पहिल्याच वर्षी मेणाचा ठोकळा विद्यार्थ्याच्या हाती देतात व त्यातून मोठ्या आकाराचा दात कोरावयास सांगतात. सुळा निराळा, पटाशीचा दात निराळा, दाढेचे उंचवटे व खाचा निराळ्या. पाहता पाहता काहींची बोटे वळणावर येतात. काहींना आठवडेच्या आठवडे झगडावे लागते. ज्याने तीन-तीन वर्षे केवळ चार पर्यायांपैकी एका गोलाला काळे करण्याचा सराव केला, त्याच्या हातात कोरणी प्रथमच येते ती प्रवेशाचे शुल्क भरून झाल्यावर.

अन्यत्र काय केले जाते, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने १९५० साली दंत महाविद्यालयांसाठी देशव्यापी प्रवेशचाचणी सुरू केली, ती केवळ दंतवैद्यकासाठी. आरंभीच्या वीस-बावीस वर्षांत तिच्यात विज्ञानाच्या प्रश्नांबरोबर एक चमत्कारिक भाग असे. उमेदवाराला खडू व सुरी देत आणि दिलेल्या आकृतीबरहुकूम तो खडू कोरावयास सांगत. खडू ठिसूळ, जरा जोर अधिक झाला की तुकडा पडला. हजारो खडू गोळा करून हाताने तपासणे खर्चाचे व कटकटीचे होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी ही कसोटी बंद करून तिच्या जागी कागदावरील कसोटी आणली गेली.

ही कागदावरील कसोटी मोठी मनोरंजक आहे. साठ मिनिटांत ९० प्रश्न. एक घनाकृती वस्तू दाखवितात आणि ती कोणत्या आकाराच्या भोकातून नेमकी आरपार जाईल असे विचारतात. वस्तू वरून व समोरून कशी दिसते ते देऊन बाजूने कशी दिसेल ते ओळखावयाचे. चार कोन काढलेले असतात, जवळजवळ सारखेच. ते लहानापासून मोठ्यापर्यंत लावावयाचे. कागदाची घडी घालून भोक पाडले तर उलगडल्यावर भोके कोठे दिसतील? ठोकळ्यांची रास बाहेरून रंगविली तर किती ठोकळ्यांच्या दोन बाजू रंगल्या असतील? सपाट कागदावरील आकृती दुमडली तर कोणता घन तयार होईल? डोळ्यांसमोर नसलेली बाजू मनात उभी करण्याची ही शक्ती दंतवैद्याला रोज लागते, हा त्यामागील विचार. विज्ञानाचे प्रश्न या चाचणीत आहेतच. परंतु परीक्षा आपली आहे व ती कोणत्या कामासाठी आहे, याचा तिला विसर पडलेला नाही. कॅनडात तर साबणाची वडी कोरण्याची कसोटी अगदी अलीकडच्या वर्षांपर्यंत चालू होती.

यावर आक्षेप येईल तो रास्तच येईल. हाताचे कौशल्य सरावाने येते. खडू सुबक कोरणारा पुढे उत्तम दंतवैद्य होतोच असे नाही, आणि या कसोट्यांतील गुणांवरून पुढचे यश कितपत सांगता येते याविषयी तज्ज्ञांतही एकमत नाही. शिवाय बावीस लाख मुलांना साबण व सुरी वाटण्याची कल्पनाच हास्यास्पद आहे. तसे उद्या झालेच, तर परवा लातूरला साबण कोरण्याचे खास वर्ग निघतील व त्यांच्या जाहिराती याच पानाच्या मागे छापून येतील. प्रस्तुत लेखकाचा आग्रह खडूसाठी नाही. त्या खडूने एक वेगळेच काम केले, ते येथे मोलाचे वाटते. परीक्षेच्या दालनात शिरतानाच उमेदवाराला कळत असे की आपण दातांच्या कामासाठी आलो आहोत. हा व्यवसाय त्याने निवडलेला असे. आपल्याकडे बी.डी.एस.च्या पहिल्या वर्गातील मुलांना विचारा, येथे येण्याचे ठरवून किती जण आले. हात वर होतील ते थोडेच. त्या वर्गात काही मुले मागच्या बाकावर पुन्हा नीटचीच पुस्तके उघडून बसलेली असतात. पुढील मे महिन्यात ती पुन्हा परीक्षेस बसणार. यश आले तर ही जागा सोडून जाणार.

घरातील हिशेब

मध्यमवर्गीय घरात हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. मुलीला नीटमध्ये बरे गुण मिळाले आहेत, शासकीय एम.बी.बी.एस. मिळण्याजोगे नाहीत. वडील एखाद्या कचेरीत वरिष्ठ लिपिक, आई प्राथमिक शाळेत. आता तीन वाटा. पुन्हा एक वर्ष शिकवणी लावून परीक्षा द्यावयाची. या परीक्षेस कितीही वेळा बसता येते, त्यामुळे ही वाट कधी संपतच नाही. खाजगी दंत महाविद्यालयात चार वर्षांचे शुल्क व पाचव्या वर्षाची आंतरवासिता, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीला हात. की दुसरे काही? अशा वेळी नातेवाईक सल्ला देतात, तो ठरलेला. "अगं, एक वर्ष आणखी दे, खरी डॉक्टर हो, दातांची काय!" या एका वाक्यात समाजाने लावलेली प्रतवारी आहे आणि परीक्षेने ती पक्की केली आहे. ज्या मुलीला खरोखरच हे काम आवडले असते, तिलाही आपण हरलो आहोत असे वाटू लागते.

या प्रतवारीची किंमत रुग्णही मोजतात. मिश्री, तंबाखू, गुटखा यांनी पोखरलेल्या तोंडांचा हा देश आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी असली तरी तो कोठे मिळतो हे शाळकरी मुलेही सांगतील. तोंडाच्या कर्करोगाची पहिली खूण, तो पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम, पुष्कळदा दंतवैद्याच्याच नजरेस प्रथम पडू शकते. त्यासाठी दुखऱ्या दाढेबरोबर गालाची आतली बाजू व जिभेच्या कडाही आस्थेने पाहणारा माणूस खुर्चीपाशी उभा असावा लागतो. मन दुसरीकडे ठेवून आलेल्या पदवीधराकडून आपण ही आस्था गृहीत धरतो. अनेक जण ती दाखवितातही, नाइलाजाने या व्यवसायात येऊन पुढे त्यात रमलेले उत्तम दंतवैद्य गावोगावी आहेत. त्यांचे श्रेय त्यांना आहे, आपल्या निवडपद्धतीला नाही.

मग करावे काय? नीट मोडण्याची गरज नाही. त्याच दिवशी, त्याच केंद्रावर, ज्यांना दंतवैद्यकाला जावयाचे आहे त्यांच्यासाठी अर्ध्या-पाऊण तासाची एक पुरवणी प्रश्नपत्रिका ठेवता येईल. वर सांगितलेल्या आकृतींचे, घडीचे, कोनांचे प्रश्न कागदावर छापता येतात, यंत्राने तपासता येतात आणि मराठी, तमिळ, बंगाली कोणत्याही भाषेतील मुलाला सारखेच सोपे वा अवघड पडतात. इंग्रजी माध्यमाचा फायदा त्यात कमी. यासोबत दातांचे ते वगळलेले प्रकरणही परत आणता येईल. या गुणांसह दंतवैद्यकाची निराळी यादी लावावी, आणि प्रत्येक महाविद्यालयातील काही जागा बी.डी.एस. ही पहिली पसंती देणाऱ्यांसाठी आधीच्या फेरीत भराव्यात. मात्र जागा घेतलेल्याने त्या वर्षी एम.बी.बी.एस.च्या फेऱ्यांत उतरू नये. सगळेच विद्यार्थी खबरदारी म्हणून पुरवणी प्रश्नपत्रिका देतील, असे कोणी म्हणेल. देईनात का. पहिली पसंती लिहिताना मात्र त्यांना मनाशी काही ठरवावेच लागेल.

शुल्काचा प्रश्न याहून कठीण आहे आणि प्रवेशपरीक्षा सुधारून तो सुटणार नाही. न्यायालयाने २०२१ साली केलेली सूचना शुल्क ठरविणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यावी, ग्रामीण रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सकांची पदे वाढवावीत व भरावीत, हे म्हणावेच लागेल. नोकरीची आशा नसेल तर पहिली पसंती कोण देणार?

विचार करण्यास प्रसंग अनुकूल आहे. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. प्रवेशासाठी एकच परीक्षा त्यातही कायम आहे, आणि अभ्यासक्रमाच्या अखेरीस देशव्यापी निर्गम परीक्षेची तरतूद आहे. बाहेर पडणाऱ्याची परीक्षा कशी असावी यावर तज्ज्ञ विचार करणारच आहेत. आत येणाऱ्याचाही त्यांनी त्याच बैठकीत विचार करावा. आणि त्यांचा निर्णय होईपर्यंत कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. प्रत्येक दंत महाविद्यालयाने वर्षातून एक-दोन रविवार आसपासच्या बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा उघडी ठेवावी. एक मेणाचा ठोकळा, एक कोरणी, समोर दाढेचा नमुना आणि शेजारी शिकविणारा एखादा अंतिम वर्षाचा विद्यार्थी, एवढेच त्यासाठी लागते. पसंतीचा अर्ज भरण्यापूर्वी दोन तास तेथे बसलेल्या मुलीला नातेवाइकांपेक्षा अधिक काही कळलेले असेल.